थकलेला घोडेस्वार कसा पाहावा : जॉन वेनचे उतारवयातील चित्रपट

अमेरिकी वेस्टर्न चित्रपटांचा प्रसिद्ध नायक जॉन वेन याचा १९७०च्या दशकातील एखादा चित्रपट पहिल्यांदाच पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला बहुधा एकच प्रश्न पडतो. साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, डोक्यावर केसांचा टोप चढवलेला आणि वाक्याच्या मध्येच श्वासासाठी थांबणारा हा माणूस नायक कसा काय? घोड्यावर बसताना तो जड वाटतो, मारामारीत त्याच्याऐवजी दुसराच कोणी असल्याचा संशय येतो आणि कथेचा शेवट तर पहिल्या दहा मिनिटांतच कळलेला असतो. तरीही 'ट्रू ग्रिट' (१९६९) किंवा 'द शूटिस्ट' (१९७६) यांची नावे जाणकार आदराने घेतात. दुसरीकडे, २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीच्या विमानतळाला दिलेले त्याचे नाव काढून टाकावे, अशी मागणी जाहीरपणे झाली. एकाच नटाबद्दल इतका आदर, इतका राग आणि नव्या प्रेक्षकाचा इतका गोंधळ कशामुळे आहे, हे समजून घ्यायचे तर त्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतील चित्रपटांकडे थोड्या वेगळ्या सवयीने पाहावे लागते.

वेस्टर्न म्हणजे काय, आणि ते संपते कधी

अमेरिकेच्या पश्चिम भागात गोऱ्यांच्या वसाहती पसरत होत्या आणि कायदा त्यांच्या मागून येत होता, त्या काळाच्या कथा म्हणजे वेस्टर्न चित्रपट. गुराखी, बंदूकबाज, शेरीफ, दरोडेखोर, रेल्वे, मूळ रहिवासी जमाती आणि अफाट मोकळी जमीन ही त्याची ठरलेली सामग्री. आपल्याकडे अनेकांची या सामग्रीशी ओळख हिंदी डाकूपटांतून, विशेषतः 'शोले'तून झालेली असते, त्यामुळे ती तशी परकी वाटत नाही.

या प्रकारातील काळ मर्यादित असतो, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. वसाहतींच्या पुढे सरकणारी सीमारेषा आता उरलेली नाही, असे अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेनंतर अधिकृतपणे सांगितले गेले. म्हणजे ज्या जगाच्या या कथा आहेत ते जग साधारण एका पिढीच्या आयुष्याएवढेच टिकले. त्यामुळे वेस्टर्नमध्ये म्हातारा बंदूकबाज आला की तो केवळ वयाने म्हातारा असत नाही, त्याचे जगही त्याच्या डोळ्यांदेखत मोडीत निघत असते. वेनच्या 'बिग जेक' (१९७१) या चित्रपटाची कथा १९०९ मध्ये घडते. नातवाला पळवून नेलेले असते, त्याला सोडवायला निघालेल्या तुकडीत घोड्यांबरोबर मोटारगाड्या आणि मोटारसायकलही असते, आणि वाटेत भेटणारा जवळपास प्रत्येक जण नायकाला म्हणतो की तुम्ही तर मेलात असे ऐकले होते. विनोद म्हणून तो वारंवार येतो, पण त्या एका वाक्यात या साऱ्या चित्रपटांचा विषय आहे.

पडद्यावरची प्रतिमा

इथे एकच पारिभाषिक कल्पना नीट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे नटाची पडद्यावरची प्रतिमा. एखादा मोठा नट तीस-चाळीस वर्षे साधारण एकाच जातीच्या भूमिका करतो तेव्हा त्या सगळ्या भूमिकांची मिळून प्रेक्षकाच्या मनात एक व्यक्ती तयार होते. ती कोणत्याही एका चित्रपटातील पात्राहून मोठी असते आणि खऱ्या आयुष्यातील नटाहून वेगळी असते. वेनच्या बाबतीत ही व्यक्ती १९३९ मध्ये जन्माला आली. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या 'स्टेजकोच'मध्ये कॅमेरा झेपावत त्याच्यापाशी जातो आणि एका हाताने रायफल गरकन फिरवणारा एक उंच तरुण दिसतो. त्यानंतर 'रेड रिव्हर' (१९४८), 'द सर्चर्स' (१९५६) आणि 'रिओ ब्राव्हो' (१९५९) अशी ती व्यक्ती घडत, कठोर होत, कधी भीतिदायकही होत गेली.

आता उतारवयातील गवयाची मैफल डोळ्यांसमोर आणावी. तार सप्तकात आवाज पूर्वीसारखा ठरत नाही, दमसास कमी झालेला असतो, ताना आखूड असतात. ज्याने त्या गवयाला पूर्वी कधीच ऐकलेले नाही, त्याला ही मैफल फिकी वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. ज्याने तीस वर्षे ऐकले आहे, तो मात्र आज कोणती जागा घेतली, कोणती टाळली आणि टाळताना तिच्याकडे नुसता इशारा कसा केला, हे सगळे ऐकत असतो. वेनच्या शेवटच्या चित्रपटांचे असेच आहे. त्यांतील निम्मा आशय आधीच्या चित्रपटांत आहे, आणि नव्या प्रेक्षकाची अडचण होते ती नेमकी इथेच.

१९६४ नंतरचे शरीर

सप्टेंबर १९६४ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगामुळे वेनचे डावे फुप्फुस आणि काही बरगड्या काढाव्या लागल्या. त्या काळी नट-नट्या असा आजार शक्यतो लपवत असत. वेनने काही महिन्यांतच तो स्वतः जाहीर केला आणि लगेच १९६५च्या सुरुवातीला मेक्सिकोतील दुरांगो या उंचावरील प्रदेशात 'द सन्स ऑफ केटी एल्डर'च्या चित्रीकरणाला तो उभा राहिला. वाक्य मध्येच तोडून बोलण्याची त्याची लकब फार जुनी होती. यानंतर मात्र त्या थांबण्याला आणखी एक कारण मिळाले, आणि प्रेक्षकालाही ते ठाऊक होते.

या शरीराचे काय करायचे, हे सर्वांत आधी उमगले ते दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना. 'रिओ ब्राव्हो'ची कथा त्यांनी थोड्याफार फरकाने आणखी दोनदा सांगितली. 'एल डोराडो'मध्ये (१९६६) नायकाच्या मणक्याजवळ गोळी अडकलेली असते, तिच्यामुळे ऐन वेळी त्याचा उजवा हात लुळा पडतो, आणि शेवटी तो व रॉबर्ट मिचमचा शेरीफ दोघेही कुबड्या घेऊन रस्त्याने चालत जातात. 'रिओ लोबो' (१९७०) हा हॉक्स यांचा शेवटचा चित्रपट एकंदरीत ढिसाळ आहे, पण त्यातील एक गंमत विसरता येत नाही. 'रिओ ब्राव्हो'मध्ये पन्नाशीतल्या वेनच्या प्रेमात पडणारी नायिका त्याच्याहून जवळजवळ चोवीस वर्षांनी लहान होती आणि कोणी भुवई उंचावली नव्हती. 'रिओ लोबो'तील तरुणी मात्र उघड्यावर रात्र काढताना मुद्दाम त्याच्याशेजारी झोपते, कारण हा वयस्क माणूस आपल्याला निर्धोक वाटतो, असे ती सरळ सांगते. त्या क्षणी वेनच्या चेहऱ्यावर जो अपमान आणि जी समजूत एकदम उमटते, ती त्या चित्रपटातील सर्वोत्तम गोष्ट आहे.

एका डोळ्यावर पट्टी असलेला मार्शल

'ट्रू ग्रिट' हा हेन्री हॅथवे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट चार्ल्स पोर्टिस यांच्या १९६८च्या कादंबरीवर आधारलेला आहे. मॅटी रॉस ही चौदा वर्षांची करारी मुलगी वडिलांच्या खुन्याला पकडण्यासाठी रूस्टर कॉगबर्न नावाच्या मार्शलला, म्हणजे कायद्याच्या अधिकाऱ्याला, पैसे देऊन कामाला लावते. हा मार्शल एकडोळ्या, दारुडा, बढाईखोर आणि गरज पडल्यास बेकायदा वागणारा आहे. एका चिनी दुकानदाराच्या घराच्या मागच्या बाजूला तो मांजरासोबत राहतो. दारूच्या नशेत घोड्यावरून खाली कोसळल्यावर, जणू तसे आधीच ठरले होते अशा थाटात, आपला मुक्काम आज इथेच, असे तो जाहीर करून टाकतो.

या भूमिकेत वेन स्वतःच्याच प्रतिमेची थट्टा करतो, असे नेहमी म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण थट्टेइतकेच महत्त्वाचे असे एक शांत दृश्य त्यात आहे. रात्री टेकडीवर दबा धरून बसलेला कॉगबर्न मॅटीला आपल्या मोडलेल्या संसाराची हकिकत सांगतो : इलिनॉयमधील कैरो गावी खाणावळ काढली होती, बायको कंटाळून पहिल्या नवऱ्याकडे परत गेली, मुलाला बाप कधी आवडलाच नाही. वेन हे सारे कुठेही करुणेची भीक न मागता, जवळजवळ हिशेब सांगावा तसे सांगतो. पुढे तो लगाम दातांत धरून चौघांवर एकटाच चाल करून जातो आणि एका हाताने रायफल गरकन फिरवतो. 'स्टेजकोच'मधील तीच लकब, तीस वर्षांनंतर, आता एका लठ्ठ म्हाताऱ्याच्या हातून घडताना दिसते.

एप्रिल १९७० मध्ये याच भूमिकेसाठी त्याला त्याचे एकमेव अभिनयाचे ऑस्कर मिळाले. त्या वर्षी स्पर्धेत रिचर्ड बर्टन, पीटर ओ'टूल, डस्टिन हॉफमन आणि जॉन व्हॉइट होते, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता 'मिडनाइट काउबॉय'. त्यातील काउबॉय न्यूयॉर्कच्या रस्त्यावर देहविक्रय करतो. १९६९ मध्येच आलेल्या 'द वाइल्ड बंच'ने वेस्टर्नमधील हिंसेवरचा रोमँटिक मुलामा खरवडून काढला होता. वेस्टर्नच्या जुन्या समजुती तपासून पाहणाऱ्या अशा चित्रपटांना फेरविचारी वेस्टर्न म्हणतात. वेनचे चित्रपट त्यांच्यासमोर जुनाट दिसले हे खरे आहे, पण ते त्यांच्याच शेजारी बनत होते हेही ध्यानात ठेवायला हवे.

वय लपवले की काय होते

उतारवयातले सगळेच चित्रपट थोर आहेत, असा दावा करण्यात अर्थ नाही. 'द ट्रेन रॉबर्स' आणि 'काहिल' हे १९७३चे दोन्ही चित्रपट सराईतपणे उरकलेले आहेत. 'डर्टी हॅरी' या पोलिसपटाच्या यशानंतर वेननेही शहरी पोलिसाच्या भूमिका करून पाहिल्या. 'मॅक्यू'मध्ये (१९७४) तो सिएटलच्या रस्त्यांवर स्पोर्ट्स मोटार पळवतो आणि 'ब्रॅनिगन'मध्ये (१९७५) लंडनला जातो. सहासष्ट वर्षांच्या धिप्पाड माणसाला त्या ठेंगण्या मोटारीत कोंबलेले पाहून आपण कथा विसरतो आणि हा आता बाहेर कसा पडणार, याची काळजी करू लागतो.

चांगल्या आणि वाईट चित्रपटांतील फरक इथे स्पष्ट दिसतो. जिथे नायकाचे वय हा कथेचाच भाग आहे, म्हणजे त्या वयामुळे काही अडते, काही हुकते, कोणाचा तरी दृष्टिकोन बदलतो, तिथे चित्रपट उभा राहतो. जिथे तोच नायक चाळिशीतला असल्यासारखी कथा रचली आहे, तिथे त्याचे शरीर प्रत्येक दृश्यात कथेला खोटे पाडत राहते.

'द काउबॉइज' (१९७२) पहिल्या प्रकारात मोडतो. सोन्याच्या शोधात सगळे गडी निघून गेल्यामुळे विल अँडरसन हा वयस्क पशुपालक शाळकरी पोरांना हाताशी धरून गुरांचा कळप शेकडो मैल हाकत नेतो. त्याची स्वतःची दोन मुले अकाली गेलेली आहेत आणि त्यांच्याशी आपण फार कठोर वागलो, ही बोच त्याला आहे. चित्रपट संपायला बराच अवकाश असताना ब्रूस डर्नचा दरोडेखोर त्याला पाठीमागून गोळ्या घालून मारतो. वेन पडद्यावर मेला असे चित्रपट मोजकेच आहेत, त्यामुळे त्या काळच्या प्रेक्षकांना हा धक्का मोठा होता. नंतर ती मुले सूड घेतात, आणि मुलांनी माणसे मारण्यालाच चित्रपट वयात येणे मानतो की काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. माझ्या मते तो आक्षेप रास्त आहे. चित्रपटाची पहिली दीड तासाची बांधणी शेवटच्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी अधिक शहाणी आहे.

'द शूटिस्ट' : आठ दिवसांचा हिशेब

डॉन सीगल यांचा हा चित्रपट वेनचा शेवटचा ठरला. वेन कर्करोगाने मरत असतानाच हा चित्रपट बनला, असे अनेकदा लिहिले जाते. ते तसे नाही. फुप्फुसाचा आजार बारा वर्षांपूर्वीचा होता, आणि ज्या पोटाच्या कर्करोगाने तो ११ जून १९७९ रोजी वारला त्याचे निदान त्या वर्षीच्या जानेवारीत झाले. चित्रीकरणाच्या वेळी त्याची प्रकृती वाईट होती, पण तो आपलाच मृत्यू साकारत होता ही दंतकथा आहे. चित्रपटाची थोरवी समजायला तिची गरजही नाही.

सुरुवातीलाच जे. बी. बुक्स या बंदूकबाजाचा पूर्वेतिहास दाखवला जातो, आणि त्यासाठी वेनच्याच 'रेड रिव्हर', 'हाँडो', 'रिओ ब्राव्हो', 'एल डोराडो' अशा जुन्या चित्रपटांतील तुकडे वापरले आहेत. पडद्यावरची प्रतिमा ही कल्पना याहून उघडपणे क्वचितच कोणी वापरली असेल : पात्राचा भूतकाळ म्हणजे नटाचा भूतकाळ. मग जानेवारी १९०१ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या निधनाची बातमी ज्या दिवशी वर्तमानपत्रात आहे त्या दिवशी, बुक्स नेवाडातील कार्सन सिटीत येतो. घोड्यावर फार वेळ बसवत नाही म्हणून त्याच्यासोबत एक लाल उशी आहे. डॉक्टर त्याला सांगतो की कर्करोग पुढे गेला आहे, शेवट भयंकर होईल, आणि आपल्यात तुमच्याएवढे धैर्य असते तर आपण त्या शेवटाची वाट पाहिली नसती.

हा डॉक्टर म्हणजे जेम्स स्टुअर्ट. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये (१९६२) दोघे एकत्र होते. बुक्सच्या मापाची शवपेटी करायला उत्सुक असलेला प्रेतसंस्कारवाला म्हणजे जॉन कॅराडाइन, 'स्टेजकोच'मधील वेनचा सहप्रवासी. ज्या विधवेच्या घरी बुक्स उतरतो ती लॉरेन बॅकॉल, जिचा पती हम्फ्री बोगार्ट १९५७ मध्ये कर्करोगानेच गेला होता. हे ठाऊक नसले तरी चित्रपट समजतो. ठाऊक असेल तर तिने स्वयंपाकघरात नुसते गप्प उभे राहणेही जड होऊन जाते.

गावातील प्रत्येकाला या मरणातून काहीतरी मिळवायचे आहे. वार्ताहराला पुस्तक लिहायचे आहे, जुन्या प्रेयसीला त्याचे नाव विकायचे आहे, मार्शलला आनंद लपवता येत नाही. बुक्स मात्र घासाघीस करतो, घोडा विकतो, स्वतःच्या समाधीचा दगड सांगून ठेवतो, आणि वाढदिवशी कोट झटकून घोड्यांनी ओढलेल्या ट्राममधून शेवटच्या झुंजीला जातो. बंदूकबाजाने मरायला ट्रामने जावे, यात जो उपरोध आहे तो चित्रपट एकदाही बोलून दाखवत नाही. ग्लेन्डन स्वार्थाउट यांच्या मूळ कादंबरीत त्या घरातला तरुण मुलगा गिलम शेवटी बुक्सवर गोळी झाडतो. चित्रपटात गुत्त्यातला बारमन बुक्सला पाठीमागून मारतो, गिलम त्या बारमनला मारतो आणि मग हातातले पिस्तूल दूर भिरकावून देतो. मरता मरता बुक्स मान हलवून त्याला संमती देतो. 'द काउबॉइज'मध्ये मुलांच्या हाती बंदूक आली होती. इथे ती टाकली जाते, आणि माझ्या दृष्टीने हा चित्रपट त्या आधीच्या चित्रपटाला दिलेले उत्तर आहे.

तो तर स्वतःचीच भूमिका करत होता

हा आक्षेप जुना आहे. त्याला सर्वांत सोपे उत्तर १९४८-४९ मध्ये सापडते. 'रेड रिव्हर'मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या वेनने कठोर, दुराग्रही प्रौढ पशुपालक उभा केला, तेव्हा त्याला घडवणाऱ्या फोर्ड यांनाही, याला अभिनय येतो, याचे आश्चर्य वाटले होते. पुढच्याच वर्षी 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये त्याने निवृत्तीला आलेला कॅप्टन साकारला. सैनिकांनी भेट दिलेल्या घड्याळावरची अक्षरे वाचण्यासाठी तो ओशाळत चष्मा लावतो. बावीस वर्षांनी 'बिग जेक'मध्ये खंडणीची चिठ्ठी वाचताना तो पुन्हा चष्मा लावतो. पहिल्या वेळी तो म्हातारपणाचा अभिनय होता. दुसऱ्या वेळी म्हातारपण खरे होते, आणि तरीही ती कृती तितकीच मोजून-मापून केलेली आहे.

त्याच्या मतांचे काय?

मे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्लेबॉय' मासिकाच्या मुलाखतीत वेनने कृष्णवर्णीयांबद्दल बोलताना गोऱ्यांच्या वर्चस्वाचे समर्थन केले, आणि मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्यात काही गैर झाले असे आपल्याला वाटत नाही, असेही सांगितले. व्हिएतनाम युद्धाचा पुरस्कार करणारा 'द ग्रीन बेरेज' (१९६८) त्याने स्वतः सहदिग्दर्शित केला होता. दुसऱ्या महायुद्धात मात्र तो सैन्यात गेला नाही. विमानतळाच्या नावाचा वाद त्या मुलाखतीमुळेच पुन्हा पेटला, आणि २०२० मध्येच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याच्यावरील प्रदर्शन हटवण्याचा निर्णय जाहीर केला.

तो काळच तसा होता, हे उत्तर मला पटत नाही. १९७१ मध्ये याच्या उलट मत असणारे लोक त्याच्याच देशात, त्याच्याच व्यवसायात भरपूर होते. सार्वजनिक वास्तूला नाव देणे हा सन्मान आहे आणि तो काढून घेण्याची मागणी समजण्यासारखी आहे. चित्रपट पाहणे म्हणजे सन्मान करणे नव्हे. शिवाय चित्रपट अनेकांचा असतो, आणि तो कधी कधी आपल्या ताऱ्याहून अधिक समंजस निघतो. मुलाखतीच्या पुढच्याच वर्षी आलेल्या 'द काउबॉइज'मध्ये रॉस्को ली ब्राउन यांनी साकारलेला कृष्णवर्णीय आचारी नाइटलिंगर हा त्या तांड्यातील सर्वांत सुसंस्कृत माणूस आहे, आणि अँडरसन गेल्यावर मुलांचे नेतृत्व त्याच्याकडेच येते.

तीच भूमिका, दुसरा नट

वेनची प्रतिमा चित्रपटात नेमकी किती भर घालते, हे तपासून पाहण्याची एक सोय नंतर झाली. २०१० मध्ये दिग्दर्शक कोएन बंधूंनी 'ट्रू ग्रिट' पुन्हा केला आणि त्यात कॉगबर्न झाला जेफ ब्रिजेस. हा चित्रपट कादंबरीशी अधिक प्रामाणिक आहे, मॅटी त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि ब्रिजेसचा अभिनय वेनहून बारकाईचा आहे, हे मान्य करायला हरकत नाही. त्याच्यामागे मात्र वेनसारखा तीस वर्षांचा घोडेस्वार उभा नाही. म्हणून त्याचा कॉगबर्न हा एक विलक्षण म्हातारा आहे, तर वेनचा कॉगबर्न हा आपल्या ओळखीचा माणूस म्हातारा झालेला आहे.

दोन्ही चित्रपटांचे शेवटही याला धरूनच आहेत. कोएन बंधूंच्या चित्रपटात मॅटी अनेक वर्षांनी कॉगबर्नला शोधत जाते तेव्हा तो नुकताच वारलेला असतो. १९६९च्या चित्रपटात ती त्याला आपल्या घराण्याच्या दफनभूमीत जागा देऊ करते, तो ती मोठ्या संकोचाने स्वीकारतो, आणि या वयात एवढ्या वजनाने घोडा उडवू नका असे ती बजावत असतानाच कुंपणावरून घोडा उडवून निघून जातो. पहिल्यांदाच पाहणाऱ्याने 'द शूटिस्ट'पासून सुरुवात करू नये. आधी 'रेड रिव्हर' आणि 'रिओ ब्राव्हो' पाहावेत, मग 'ट्रू ग्रिट', आणि त्यानंतर कार्सन सिटीला जावे.